छायाप्रत, परवडणारे क्रमिक पुस्तक आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी : दिल्ली विद्यापीठ प्रकरणाचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

महाविद्यालयीन पुस्तकाच्या बाजारपेठेत एक विसंगती आहे. पुस्तकाची निवड अध्यापक आणि अभ्यास मंडळ करते, किंमत प्रकाशक ठरवतो आणि पैसे मात्र विद्यार्थी मोजतो. जो निवड करतो त्याला किंमत द्यावी लागत नाही आणि जो किंमत देतो त्याला निवडीचा अधिकार नसतो. त्यामुळे 'परवडणारे पुस्तक' हा विषय केवळ विद्यार्थ्याच्या खिशाचा राहत नाही. तो अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या विचाराचाही होतो.

भारतात या विषयाची सर्वांत सखोल चर्चा एखाद्या शिक्षण आयोगाच्या अहवालापेक्षा दिल्ली उच्च न्यायालयातील एका खटल्यात झाली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. 'रामेश्वरी फोटोकॉपी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणाचा निकाल शैक्षणिक वर्तुळात विजय म्हणून स्वीकारला गेला आणि ते योग्यही होते. परंतु ज्या विद्यार्थ्याचे अध्ययन मराठीतून चालते, त्याच्या दृष्टीने हा निकाल वाचला असता त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोन्ही बाजू वेगळ्या दिसू लागतात. प्रस्तुत लेखात या निकालाची त्या दृष्टीने चिकित्सा केली आहे.

खटल्याची पार्श्वभूमी

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात एक छोटे छायाप्रत केंद्र होते. विद्यापीठाच्या परवानगीने ते चालत असे. अध्यापकांनी अभ्यासक्रमात नेमलेली निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणे एकत्र करून त्यांचे संच तेथे तयार होत आणि पानाला एक रुपयाहूनही कमी दराने ते विद्यार्थ्यांना मिळत. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी हे केंद्र व विद्यापीठ यांच्याविरुद्ध प्रताधिकारभंगाचा दावा दाखल केला. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने संचांच्या विक्रीस अंतरिम मनाई केली.

या दाव्याचे पडसाद विद्यापीठाबाहेरही उमटले. विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या संघटना खटल्यात सहभागी झाल्या. अमर्त्य सेन यांच्यासह अनेक अभ्यासकांनी प्रकाशकांना फेरविचाराचे आवाहन केले. ज्यांच्या हिताच्या नावाने दावा लढवला जात होता, त्या लेखकवर्गातूनच त्याला विरोध व्हावा, ही बाब लक्षणीय होती. विद्वत्तापूर्ण लेखनाचे मोल वाचले जाण्यात आहे, केवळ विकले जाण्यात नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

निकालातील मुख्य युक्तिवाद

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. प्रताधिकार हा नैसर्गिक किंवा ईश्वरदत्त हक्क नसून कायद्याने निर्माण केलेला आणि कायद्यानेच मर्यादित केलेला हक्क आहे, ही त्या निकालपत्राची मूळ भूमिका होती. विद्यार्थी ग्रंथालयात बसून हाताने जे उतरवून घेऊ शकतो, तेच यंत्राच्या साहाय्याने केल्यास ते बेकायदा ठरू नये, हा त्यातील दुसरा महत्त्वाचा विचार होय.

प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ५२(१)(आय) अन्वये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेले पुनरुत्पादन हक्कभंग ठरत नाही. वर्गातील प्रत्यक्ष व्याख्यानापुरताच या शब्दांचा अर्थ न घेता अभ्यासक्रमाची आखणी, वर्गपूर्व वाचन आणि वर्गोत्तर अभ्यास यांचाही त्यात समावेश होतो, असा व्यापक अर्थ न्यायालयाने लावला.

९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने हा अर्थ मुख्यतः मान्य केला. अध्यापनाच्या हेतूने जेवढे समर्थनीय आहे तेवढे पुनरुत्पादन विहित आहे, असा निकष त्याने दिला. पानांची किंवा टक्क्यांची मर्यादा घातली नाही. मात्र संचांतील मजकूर अध्यापनाच्या हेतूने खरोखर आवश्यक होता काय आणि संपूर्ण पुस्तकांच्या छायाप्रती काढणे अनुज्ञेय आहे काय, या वस्तुस्थितीविषयक मुद्द्यांसाठी प्रकरण पुन्हा खालच्या पीठाकडे पाठवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला आणि मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रताधिकारधारकांच्या संस्थेची याचिका फेटाळली. त्यामुळे त्या मुद्द्यांवर पुरावा घेऊन निर्णय कधीच झाला नाही.

याचा व्यावहारिक अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. निवडक प्रकरणांच्या अध्ययनसंचाला या निकालाचा आधार आहे. संपूर्ण क्रमिक पुस्तकाची छायाप्रत बांधून विकण्याला तो आहे असे म्हणता येत नाही. महाविद्यालयाबाहेरील झेरॉक्सच्या दुकानांत हा भेद बहुधा पाळला जात नाही आणि अध्यापकवर्गातही त्याची पुरेशी जाणीव दिसत नाही.

निकालाचे गृहीतक आणि त्याची मर्यादा

खंडपीठाच्या विवेचनामागे विद्यार्थ्याचे एक विशिष्ट चित्र आहे. तीस-चाळीस संदर्भग्रंथांतील एकेक प्रकरण वाचणारा हा विद्यार्थी ते सर्व ग्रंथ मुळात विकत घेणारच नव्हता. तो ते ग्रंथालयात पाहणार होता. त्यामुळे छायाप्रतीने प्रकाशकाचा ग्राहक हिरावला गेला असे म्हणता येत नाही. दिल्लीतील पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या संदर्भात हा युक्तिवाद बिनतोड आहे.

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी कला व वाणिज्य शाखेत मराठी माध्यमातून शिकणाऱ्या पदवी विद्यार्थ्याला मात्र हे चित्र लागू पडत नाही. त्याच्यापुढे तीस ग्रंथ नसतात. एका विषयाचे फार तर दोन किंवा तीन मराठी पुस्तके असतात. ती हजार-पाचशे प्रतींच्या आवृत्तीत निघतात. लेखक बहुधा महाविद्यालयीन अध्यापकच असतो आणि प्रकाशक एखाद्या शहरातील मर्यादित भांडवलाचा व्यावसायिक असतो. या पुस्तकाची संपूर्ण छायाप्रत निघते तेव्हा हिरावला जाणारा ग्राहक काल्पनिक नसतो. पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात एक पुस्तक आणि एकोणपन्नास छायाप्रती असतील, तर त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघण्याची शक्यता मावळते.

म्हणजेच एकच कृती दोन ठिकाणी दोन भिन्न परिणाम घडवते. जागतिक प्रकाशनसंस्थेच्या महागड्या ग्रंथातील एक प्रकरण उपलब्ध करून देणे हा ज्ञानाच्या न्याय्य वाटपाचा भाग ठरतो. मराठीतील एकमेव पुस्तक संपूर्ण उतरवणे हे त्या विषयाच्या मराठी लेखनाचाच पाया खचवणारे ठरते. छायाप्रतीने असलेले पुस्तक स्वस्त होते. नसलेले पुस्तक निर्माण होत नाही. निकालाची ही मर्यादा न्यायालयाची चूक नव्हे, कारण हा प्रश्न त्याच्यासमोर नव्हताच. परंतु निकालाचा गौरव करताना शिक्षणक्षेत्राने तो उपस्थित करावयास हवा होता.

स्वस्त पुस्तकाची पूर्वपरंपरा

परवडणाऱ्या पुस्तकाचा विचार भारतात नवा नाही. १९६० च्या दशकापासून ब्रिटिश सरकारच्या अनुदानातून निघणाऱ्या इंग्लिश लँग्वेज बुक सोसायटीच्या आवृत्त्यांनी विज्ञान, वैद्यक व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांची गरज भागवली. ती योजना १९९७ मध्ये संपली. सोव्हिएत संघाच्या मीर प्रकाशनाची गणित व भौतिकशास्त्राची पुस्तके अत्यल्प किमतीत मिळत. सोव्हिएत संघाबरोबर तो पुरवठाही आटला. परदेशी सरकारच्या धोरणावर अवलंबून असलेली स्वस्ताई त्या धोरणाबरोबरच संपते, हा त्यातील धडा होय.

देशी भाषांसाठी स्वतंत्र प्रयत्न झाला तो १९६८-६९ मध्ये. विद्यापीठीय स्तरावरील ग्रंथ प्रादेशिक भाषांत निर्माण करण्यासाठी केंद्र सरकारने राज्यांना प्रत्येकी एक कोटी रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले. त्यातून राजस्थान व मध्य प्रदेशात हिंदी ग्रंथ अकादमी, गुजरातेत युनिव्हर्सिटी ग्रंथनिर्माण बोर्ड आणि नागपूर येथे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभे राहिले. नागपूरच्या मंडळाने तत्त्वज्ञानापासून विज्ञानापर्यंत अनेक विषयांचे ग्रंथ मराठीत आणले. आज ते बहुतांशी जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांतच आढळतात. शेजारच्या राज्यांतील संस्था ग्रंथनिर्मिती करीत राहिल्या असताना मराठीतील हा प्रवाह क्षीण झाला, ही खेदाची बाब आहे.

या पोकळीत गाईड शिरले. ते परीक्षेच्या पंधरा दिवस आधी मिळते, अपेक्षित प्रश्नांची उत्तरे देते आणि परवडते. परंतु विषयाची मांडणी, मतभेद, पुरावा आणि पुढील वाचनाची दिशा यांपैकी काहीही त्यात नसते. पुस्तकाच्या निम्म्या किमतीत मिळणारे गाईड सत्र संपताच निरुपयोगी ठरते, म्हणून ते स्वस्त भासले तरी वस्तुतः महाग असते.

जुन्या पुस्तकांची साखळी आणि बदलते अभ्यासक्रम

पुण्यातील अप्पा बळवंत चौक किंवा मुंबईतील फाउंटनचा पदपथ येथे मिळणारी वापरलेली पुस्तके हा विद्यार्थ्याचा खरा आधार राहिला आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने पुस्तक विकावे, खालच्या वर्गातील विद्यार्थ्याने ते घ्यावे, या साखळीत एकाच प्रतीवर चार-पाच जण शिकत. महाविद्यालयाची पुस्तकपेढीही याच तत्त्वावर चालते.

या साखळीचा शत्रू किमतीपेक्षाही अभ्यासक्रमातील वारंवार होणारा बदल हा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी महाराष्ट्रातील संलग्नित महाविद्यालयांत शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून सुरू झाली. मुख्य, दुय्यम, कौशल्याधिष्ठित अशा विविध विषयगटांमुळे एका वर्षात अनेक लहान अभ्यासपत्रिका आल्या. विषयाचा गाभा फारसा न बदलता केवळ घटकांचा क्रम आणि शीर्षके बदलली, तरी जुन्या पुस्तकाचे मुखपृष्ठ 'नव्या अभ्यासक्रमानुसार' या शब्दांपुढे हरते आणि पुस्तकपेढीतील संच एका आदेशाने कालबाह्य ठरतात. या निर्णयाचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो विद्यार्थी भरतो.

डिजिटल साधनांनी हा प्रश्न सुटला असे मानण्याचीही प्रवृत्ती आहे. १ जानेवारी २०२५ पासून कार्यान्वित झालेली 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना स्वागतार्ह आहे. परंतु ती संशोधनपत्रिकांसाठी आहे, क्रमिक पुस्तकांसाठी नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'अस्मिता' प्रकल्पात पाच वर्षांत भारतीय भाषांतील २२,००० पुस्तकांचे उद्दिष्ट आहे. त्यात मराठीच्या वाट्याला किती पुस्तके येतात यापेक्षा ती कोण लिहितो आणि वर्गात वापरतो काय, यावर त्याचे यश अवलंबून राहील.

एक दुर्लक्षित तरतूद

दिल्लीच्या खटल्यामुळे कलम ५२ सर्वांना परिचित झाले. मराठीच्या दृष्टीने अधिक उपयुक्त असलेले कलम ३२ मात्र दुर्लक्षित राहिले. अध्यापन व संशोधनासाठी परदेशी ग्रंथाचे भाषांतर आवश्यक असेल, तर मूळ प्रकाशनानंतर तीन वर्षांनी आणि विकसित देशांत सर्वसाधारण वापरात नसलेल्या भाषेसाठी एका वर्षानंतर, विहित प्रक्रियेने व मोबदला देऊन भाषांतराचा परवाना मागता येतो. विकसनशील देशांनी १९६७ च्या स्टॉकहोम आणि १९७१ च्या पॅरिस परिषदांत केलेल्या आग्रहातून हे तत्त्व आंतरराष्ट्रीय करारात आले आणि त्यात भारताचा पुढाकार होता. ज्या सवलतीसाठी देश झगडला, तिचा लाभ मराठी ज्ञानव्यवहाराने घेतल्याचे क्वचितच दिसते.

निष्कर्ष

१. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल अध्यापनासाठी निवडक मजकुराच्या संचांना भक्कम आधार देतो. महाविद्यालयांनी असे संच उघडपणे व जबाबदारीने तयार करावेत.

२. संपूर्ण मराठी क्रमिक पुस्तकाची छायाप्रत त्याच न्यायाने मोजता येत नाही. त्याऐवजी पुस्तकपेढीत प्रती वाढवणे हे विद्यार्थी व लेखक या दोघांच्या हिताचे आहे.

३. अभ्यास मंडळाने संदर्भग्रंथसूची निश्चित करताना प्रत्येक ग्रंथाची किंमत, उपलब्धता आणि मराठी पर्याय यांची नोंद करावी. जुनी आवृत्ती चालणार असल्यास तसे स्पष्ट लिहावे.

४. अभ्यासक्रमबदलाच्या प्रस्तावासोबत त्यामुळे निरुपयोगी होणाऱ्या पुस्तकांचा विचार व्हावा.

५. विद्यापीठांनी कलम ३२ चा उपयोग करून भाषांतरित ग्रंथनिर्मितीस चालना द्यावी.

पदवी मिळेपर्यंत एकही पुस्तक विकत न घेता, किंबहुना एकही पुस्तक सलग न वाचता बाहेर पडणारा विद्यार्थी आज अपवादात्मक राहिलेला नाही. त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु त्याच्या हाती कोणते पुस्तक, कोणत्या भाषेत आणि कोणत्या किमतीला येणार, हे त्याने नव्हे तर त्याच्या अध्यापकांनी ठरवलेले असते. न्यायालयाने अध्यापकाच्या हेतूला कायद्यात मध्यवर्ती स्थान दिले. तो हेतू ग्रंथसूचीच्या एकेका ओळीत उतरवणे आता अध्यापकवर्गाकडे आहे.