कुमारवयीनांमधील कन्कशनचे निदान आणि नेत्रचलन-मापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
डोक्याला मार बसल्याने मेंदूच्या कार्यात जो तात्पुरता बिघाड होतो, त्यास कन्कशन असे म्हणतात. अशा रुग्णाचा सीटी स्कॅन बहुधा निर्दोष येतो. त्यामुळे निदान हे रुग्णाचे कथन व वैद्यकीय तपासणी यांवर अवलंबून राहते. खेळाडू मुले मात्र संघाबाहेर बसावे लागेल या भीतीने डोकेदुखी, भोवळ लपवितात. म्हणूनच रुग्णाच्या कथनावर विसंबून नसलेले लक्षण शोधण्याची निकड भासते. डोळ्यांची हालचाल हे असे लक्षण होय, या दाव्याची चिकित्सा प्रस्तुत टिपणात केली आहे.

दाव्याचा आधार :
नेत्रचलन हे मस्तिष्कस्तंभ, अनुमस्तिष्क व मेंदूचा अग्रभाग यांच्या समन्वयातून घडते. तेथील बिघाड दृष्टीत उमटणे स्वाभाविक आहे. फिलाडेल्फिया येथील बाल रुग्णालयातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कन्कशन झालेल्या ११ ते १७ वयाच्या १०० मुलांपैकी ६९ जणांत दृष्टिविषयक किमान एक दोष आढळला. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘आयबॉक्स’ या उपकरणास ५ ते ६७ या वयोगटासाठी, मार बसल्यापासून एका आठवड्याच्या आत वापरावयाचे साहाय्यक साधन म्हणून अनुमती दिली. पडद्यावर फिरणारे चित्र रुग्ण २२० सेकंद पाहतो व कॅमेरा त्याच्या दोन्ही डोळ्यांचा मागोवा घेतो.

चिकित्सा :
या उपकरणाच्या २८२ जणांवरील चाचणीत संवेदनक्षमता ८०.४ टक्के, तर विशिष्टता ६६.१ टक्के आढळली. याचा अर्थ असा की, कन्कशन झालेल्या दर १०० जणांपैकी सुमारे २० जण निसटतात आणि न झालेल्या १०० पैकी सुमारे ३४ जण बाधित ठरतात. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. यंत्राचा निकाल ज्या कसोटीशी ताडून पाहिला, ती कसोटी लक्षणे व वैद्यकीय तपासणी यांचीच होती. रुग्णाच्या कथनाला पर्याय म्हणून पुढे आलेल्या साधनाची पारख अंशतः त्या कथनावरच व्हावी, हा अंतर्विरोध दुर्लक्षिण्याजोगा नाही.

निष्कर्ष :
वॉशिंग्टन राज्याने २००९ साली केलेल्या लायस्टेट कायद्यानुसार कन्कशनची शंका येताच कुमार खेळाडूस मैदानाबाहेर काढणे व वैद्यकीय परवानगीविना परत न खेळविणे बंधनकारक आहे. या कायद्याचे मर्म असे की, मुलाला थांबविण्यास शंका पुरेशी आहे, खात्रीची गरज नाही. मेंदू सावरण्यापूर्वी दुसरा मार बसणे घातक ठरू शकते. म्हणून नेत्रचलन-मापनाने शंकेस बळ द्यावे. परंतु यंत्राच्या ‘नाही’ या उत्तराने शंका मिटवून मुलाला पुन्हा मैदानात उतरविणे हे विज्ञानास व विवेकास धरून होणार नाही.