'अडणे', 'थांबणे' आणि 'निकामी होणे' : वैद्यकीय मराठीतील तीन क्रियापदे

मराठी वैद्यकीय परिभाषेची चर्चा बहुधा नामांपुरती मर्यादित राहते. 'वृक्क' म्हणावे की 'मूत्रपिंड', हा वाद त्याचा नमुना होय. वस्तुतः या वादाचा निकाल कठीण नाही. 'वृक्क' हा शब्द प्राचीन खरा. परंतु चरक आणि सुश्रुत हे दोघेही वृक्कांचा संबंध मेदोवह स्रोतसांशी जोडतात, मूत्राशी नव्हे. नवा घडा तोंडापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला असता जसा सर्व बाजूंनी पाझरून भरतो, तसा बस्ती मूत्राने भरतो, अशी सुश्रुताची कल्पना. तेव्हा जुन्या शब्दाला नवा अर्थ चिकटविण्यापेक्षा 'मूत्रपिंड' हा घडविलेला शब्दच अधिक प्रामाणिक ठरतो.

खरी अडचण नामांत नसून क्रियापदांत आहे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया भागातील, खोकल्याचे औषध घेतलेली बालके लघवी होत नाही म्हणून नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. या प्रकरणात वीसहून अधिक बालके दगावली. तामिळनाडूतील शासकीय तपासणीत त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल 48.6 टक्के आढळले. मान्य मर्यादा 0.1 टक्का आहे. हाच पदार्थ 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेला आणि 14 जण मृत्यू पावले; न्या. लेंटिन आयोग त्यावरच नेमला गेला. ('ग्लायकॉल' या नावाच्या मुळाशी गोडीचा वाचक ग्रीक शब्द आहे. विषाला असे नाव लाभावे, हा भाषेचा एक क्रूर विनोदच म्हणावयाचा.)

या विषाने मूत्रमार्गात काहीही अडकत नाही. त्यापासून शरीरात तयार होणारे आम्ल मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारते. मूत्र तयारच होत नाही आणि मूत्राशय रिकामा राहतो. याउलट 2008 साली चीनमध्ये मेलामाइन मिसळलेल्या दुधाच्या भुकटीने सुमारे 3 लाख बालके आजारी पडली, त्यांतील अनेकांना मूतखडे झाले होते. तेथे मूत्र तयार होत होते, वाट बंद होती. परिणाम बाहेरून एकच : लघवी नाही. मराठीने येथे 'अडणे', 'तुंबणे', 'कोंडणे' हे शब्द एका बाजूस आणि 'न होणे', 'थांबणे' हे दुसऱ्या बाजूस ठेवले आहेत. हा भेद बोलीत उपजतच आहे. नंदनवनसारख्या वस्तीत मात्र 'लघवी रुकली' असेही कानी पडते. हिंदीतील 'रुकना' थांबण्यालाही चालते आणि अडण्यालाही. नागपुरी मराठीने ते क्रियापद उसने घेताना त्याची संदिग्धताही घेतली. बोलणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण शास्त्रीय म्हणविणारा 'मूत्रावरोध' हा शब्दही आपल्याकडे दोन्ही अर्थी सर्रास वापरला जातो आणि त्याला तर घरात बोलले जाण्याची सबबही नाही. सुश्रुताने मूत्राघाताचे बारा प्रकार सांगताना 'मूत्रजठर' आणि 'मूत्रक्षय' वेगळे ठेवले होते. पहिल्यात मूत्र साठून पोट फुगते, दुसऱ्यात मूत्रच आटते.

अर्थात बोलीतील भेद सर्वत्र पुरा पडतो असेही नाही. 1948 साली ऑर्मंड याने वर्णिलेल्या विकारात उदराच्या मागील भागात तंतुमय ऊती वाढून दोन्ही मूत्रवाहिन्या आवळल्या जातात. येथे अडथळा आहे, पण तो मूत्राशयाच्या वर. म्हणून मूत्राशय रिकामाच आढळतो. शिवाय अडथळा अपुरा असेल तर लघवी होत राहते आणि मूत्रपिंड मात्र आतून बिघडत जाते. अशा ठिकाणी नुसते क्रियापद भागणार नाही. 'मूत्रवाहिनीतील अडथळा', 'मूत्राशयमुखातील अडथळा' असे स्थान सांगावेच लागेल.

आता तिसरे क्रियापद. 'तीव्र मूत्रपिंड निकामी होणे' हा प्रयोग आम्हास दोन्ही अंगांनी सदोष वाटतो. 'तीव्र' म्हणजे जोराचा. येथे अभिप्रेत आहे तो अचानक उद्भवलेला. त्यासाठी आयुर्वेदाने 'आशुकारी' आणि 'चिरकारी' ही जोडी केव्हाच तयार ठेवली आहे. 'निकामी' तर त्याहून घातक. निकामी वस्तू माणूस अडगळीत टाकतो. घोणस चावल्याने किंवा अडथळ्याने काम सोडलेले मूत्रपिंड योग्य उपचाराने कित्येकदा काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागते. तोवर डायलिसिसने निभावून न्यायचे असते. इंग्रजी वैद्यकानेही 2007 च्या सुमारास अपयशवाचक शब्द सोडून इजावाचक शब्द स्वीकारला. त्याचे 'मूत्रपिंडाची दुखापत' असे भाषांतर केल्यास मात्र वाचकाला लाथ किंवा अपघात आठवेल. 'मूत्रपिंड बंद पडणे' हा साधा प्रयोग आम्हास अधिक ग्राह्य वाटतो : बंद पडलेला विहिरीवरचा पंप दुरुस्त होऊ शकतो, हे कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक असते. रुग्णाच्या बापाला संमतिपत्रावर सही करताना 'निकामी' वाचावयास मिळते की 'बंद पडले आहे', यावर तो डायलिसिसला होकार देईल की मूल घरी नेईल, हे काही अंशी तरी अवलंबून आहे.