धडाला मुंडकं नाही

एक छापचित्र पाह्यलं. नाव ‘डिझाइन’, म्हंजे रेखाटन. एक बाई समोरच्या पुतळ्यावरून चित्र काढत बसलीय. ही कुणी खरी बाई नाही, ती स्वतःच रेखाटनकला. आपल्याकडं विद्येची सरस्वती करतात, तसं. मूळ चित्र अँजेलिका कॉफमनचं, लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या छतासाठी १७७८ ते १७८० मध्ये केलेलं. बार्तोलोत्सीनं ते तांब्यावर कोरलं, म्हणून छतावरचं चित्र कागदावर उतरलं.

चित्राचं म्हणणं सरळ आहे. रेखाटन हे हातकाम नव्हे, डोक्याचं काम. युरोपात चित्रकाराला कारागिरांत मोजत, ते त्याला नको होतं. इटालियन भाषेत ‘दिसेन्यो’ या एकाच शब्दात रेषाही येते आणि मनातला बेतही. तो शब्द धरून चित्रकार वर चढला. चढू दे. पण पाय कुणाच्या खांद्यावर ठेवला?

अकॅडमी १७६८ ला निघाली. कोरणाऱ्यांना तिनं पुरं सभासद करून घेतलं नाही. का, तर ते दुसऱ्याची नक्कल करतात. बार्तोलोत्सी आत गेला तो चित्रकार म्हणून. कोरणारा म्हणून पुरं सभासदत्व मिळायला १८५५ उजाडलं. ठिपक्यामागं ठिपका तांब्यात टोचून बाईच्या गालावर सावली आणायची, आणि त्याला म्हणे डोकं लागत नाही! ज्यांच्या हातानं बुद्धीचा हा डंका घरोघर वाजला, तेच उंबऱ्याबाहेर. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

कॉफमनची तरी काय गत? संस्थापक सभासदांत दोनच बायका, त्यातली ती एक. पण उघड्या मॉडेलच्या वर्गात बायकांना मज्जाव. झोफानीनं सभासदांचं चित्र काढलं, त्यात या दोघी नुसत्या भिंतीवरच्या तसबिरी. म्हणून मला वाटतं, तिनं त्या बाईपुढं दगड ठेवला तो उगीच नाही.

आणि दगड कुठला? बेल्वेदेरचं धड. मुंडकं नाही, हात नाहीत, गुडघ्याखाली पाय नाहीत. बुद्धीची देवी बिनडोक्याच्या अंगाकडं बघून शिकतेय. मला पुरुषसूक्त आठवलं. तिथं मुखातून एक, पायातून एक. इथं दोन्ही टोकं तुटलेली, उरलं ते राबणारं अंग. कॉफमनच्या मनात हे नसणार. माझ्या मनात आलं. चित्र चांगलं आहे म्हणूनच आलं.

हीच वाटणी आपल्याकडंही आली. मुंबईला १८५७ मध्ये जे. जे. स्कूल निघालं, तिथं पोरं युरोपच्या पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून रेखाटायला शिकली. कारागिरीसाठी १८९१ मध्ये रे आर्ट वर्कशॉप्स वेगळी निघाली. डोकं एका खोलीत, हात दुसऱ्या.

लांब कशाला, आपल्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात. शंभराच्या नोटेवर बोट फिरवा, कोरीव रेषा बोटाला लागते. सही गव्हर्नरची आहे. रेषा ज्यानं कोरली त्याचं नाव शोधून दाखवा.

आता आपलंच. या अंकात कविता कुणाची ते छापतो, संपादक कोण ते छापतो. मुखपृष्ठाची स्टेन्सिल रात्री पाळी संपवून, मेणकागद फाटू न देता, लोखंडी टोकानं कापणारा दोस्त मात्र कुठंच नाही. संपादकहो, पुढच्या अंकापासून त्याचं नाव टाका. माझ्या नावाच्या वर टाकलं तरी चालेल.