‘सापडले नाही’ : एका वाक्याची समीक्षा

मराठी समीक्षेने आजवर कथा तपासल्या, कादंबऱ्या तपासल्या, नाटकांचे तर प्रयोगागणिक पंचनामे केले. पण एक वाङ्मयप्रकार तिच्या तावडीतून अजून सुटलेला आहे. तो म्हणजे संगणकाने माणसाला उद्देशून लिहिलेला निरोप. वाचकवर्ग पाहावा तर या प्रकाराचा कुठल्याही कवितासंग्रहापेक्षा मोठा. शिवाय हा वाचक एकदा वाचून बाजूला ठेवणारा नव्हे. तो तेच वाक्य रात्री दीड वाजेपर्यंत पुनःपुन्हा वाचतो आणि क्वचित रडतोही. करुणरसाची याहून कडक कसोटी निदान मला ठाऊक नाही.

आज परीक्षणाला घेतले आहे ते एकच वाक्य. मूळ इंग्रजी, मराठीत आशय असा : ‘अमुक मॉड्यूल सापडले नाही.’ लेखक : ग्लासगो हॅस्केल कंपायलर. जन्म ग्लासगो विद्यापीठातला म्हणून नाव ग्लासगोचे. वाचक मात्र जगभर विखुरलेले.

हॅस्केल ही फंक्शनल प्रोग्रॅमिंगची भाषा. १९८७ साली अमेरिकेत पोर्टलंडला एका परिषदेत पंडित जमले, प्रत्येकाने आपापली वेगळी भाषा काढण्यापेक्षा सर्वांची मिळून एक करावी असे ठरले, आणि १ एप्रिल १९९० रोजी तिचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. तारखेकडे योगायोग म्हणून बघायचे की इशारा म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावे. नाव हॅस्केल करी (१९००–१९८२) या तर्कशास्त्रज्ञाचे. पहिले नाव घेतले ते बरे केले. आडनाव पुढे दुसऱ्या एका भाषेने घेतले. ती कोणी आमच्या घरी शिकायला काढली असती तर आधी ‘कसली करी? भाताबरोबर की पोळीबरोबर?’ एवढ्याचाच खुलासा द्यावा लागला असता.

या भाषेचे वैशिष्ट्य मराठी वाचकाला एका शब्दात कळेल : सोवळे. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात बाहेरच्या कपड्यांनी उंबरा ओलांडायची सोय नव्हती. हॅस्केलमध्येही तसेच. फंक्शनला तेच द्या, तेच परत मिळेल, काल दिले तरी आणि उद्या दिले तरी. त्याने परस्पर कुठला आकडा बदलायचा नाही, गुपचूप फाइलला शिवायचे नाही. फाइल वाचणे, पडद्यावर छापणे ही ओवळी कामे. ती करणाऱ्याच्या कपाळावर तसा ठळक शिक्का लागतो. हे सगळे मला मनापासून आवडले. ज्याने पस्तीस वर्षे हिशेबखात्यात दुसऱ्यांनी परस्पर खोडलेले आकडे जुळवले, त्याला ‘एकदा लिहिलेला आकडा बदलत नाही’ हे वाक्य अभंगासारखे वाटले तर नवल नाही.

पण स्वयंपाक कितीही सोवळ्यात झाला तरी डाळ-तांदूळ वाण्याकडूनच यायचे. हॅस्केलचा वाणी म्हणजे हॅकेज हे भांडार. तिथून सामान आणणारा गडी म्हणजे कबाल. आणि आणलेले शिजवणारा आचारी म्हणजे आमचा कंपायलर. गडी आणि आचारी यांची बोलचाल बेताचीच. आचाऱ्याला समोरच्या फळीवर जे दिसते तेवढेच जग. बाजारात काय मिळते याची त्याला खबर नसते. आजच्या वाक्याचा उगम नेमका इथे आहे.

माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला हा विषय आणि मला निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ, म्हणून आम्ही बरोबरच श्रीगणेशा केला. पहिला धडा अगदी साधा : स्वल्पविराम असलेली ओळ घ्यायची आणि तिचे तुकडे करायचे. पुस्तकात लिहिले होते, ‘डेटा डॉट लिस्ट डॉट स्प्लिट’ आयात करा. तिने केले. उत्तर आले, सापडले नाही. खाली एक उपसूचना : कुठे कुठे शोधले याची यादी हवी असल्यास तसे सांगा. आम्ही तसे सांगितले. यादी आली. कशी? हरवलेल्या छत्रीबद्दल विचारावे आणि समोरच्याने आपण कुठल्या कुठल्या खुर्चीखाली वाकून पाहिले ते ओळीने सांगावे, तशी. छत्री कोणत्या दुकानात मिळते, हे त्या यादीत नव्हते.

कारण सापडायला हवे होते ते त्या नावाने मिळतच नाही. मॉड्यूलचे नाव तीन मजली, पण ज्या पुडक्यातून ते येते त्याचे नाव नुसते ‘स्प्लिट’. ‘डेटा डॉट मॅप’ हवा असेल तर पुडके ‘कंटेनर्स’. ‘सिस्टिम डॉट रँडम’साठी ‘रँडम’. आणि ‘कंट्रोल डॉट मोनॅड डॉट स्टेट’साठी चक्क ‘एमटीएल’. घरी ‘बंड्या’, शाळेच्या पटावर ‘पुरुषोत्तम’, हे आपल्याला समजते. पण निदान शिपायाला दोन्ही नावे ठाऊक असावी लागतात. गंमत म्हणजे हूगल नावाची एक शोधखिडकी आहे. तिला मॉड्यूलचे नाव सांगितले की ती पुडक्याचे नाव सांगते. एवढेच काय, फंक्शनचे नाव आठवत नसेल तर नुसती त्याची ठेवण सांगितली तरी ओळखते. दुसऱ्या भाषांच्या घरी असे कौतुक फारसे पाहायला मिळत नाही. पण आपल्या वाक्यात त्या खिडकीचा पत्ता नाही. दिशा दाखवण्याची वेळ आली की लेखक मौन धरतो.

वाचनालयाचा मी चाळीस वर्षांचा सभासद. तिथला माणूस ‘पुस्तक नाही’ म्हणाला की त्याचे अर्थ अनेक. आम्ही ते घेतलेलेच नाही. घेतले आहे, पण कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे आहे. आहे, पण नोंदवहीत वेगळ्या नावाखाली आहे. अनुभवी सभासद त्याच्या आवाजावरून ओळखतो आणि त्याप्रमाणे परत जातो, थांबतो किंवा भांडतो. नवख्याला सगळे ‘नाही’ सारखेच ऐकू येतात. कंपायलरला तर आवाजही नाही.

न्यायाने बोलायचे तर ‘कुलूपबंद’ या अर्थासाठी त्याच्याकडे वेगळे वाक्य आहे, आणि ते चांगले आहे. भाचीने ‘डेटा डॉट मॅप’ नुसत्या प्रॉम्प्टवर चालवून पाहिला तेव्हा तो निमूटपणे चालला. मग तिने व्यवस्थित प्रोजेक्ट केला आणि तीच ओळ त्यात घातली. आता निरोप आला की हे मॉड्यूल ‘कंटेनर्स’ या झाकलेल्या पुडक्यातले आहे, ते आपल्या कबाल फाइलीत अवलंबित्वाच्या ओळीत लिहावे लागेल बहुधा. काखेत कळसा! पुडके कंपायलरबरोबर पहिल्याच दिवशी घरात आलेले. पण या वाक्यात कारण आहे, नाव आहे, उपाय आहे. आणि त्या ‘बहुधा’मध्ये तर मला जुन्या पिढीतल्या हेडक्लार्कची अदब ऐकू आली.

‘काल चालत होतं ना, मामा?’ भाची म्हणाली. ‘तीच ओळ. तेच मशीन.’

तिच्या या प्रश्नापाशी माझी तक्रार येऊन ठेपते. जी भाषा तेच दिले की तेच मिळेल अशी शपथ घेते, तिच्या दारातच तीच ओळ इथे चालते आणि तिथे अडते. कारण ओळीबाहेर कुठेतरी काहीतरी ठरलेले असते, आणि ते दिसत नाही.

याचा कळस पुढे आहे. जुन्या पुस्तकांत सल्ला असतो की लायब्ररी हवी तर ‘कबाल इन्स्टॉल’ म्हणा. एके काळी ते बरोबर होते. २०१९ साली कबालची तिसरी आवृत्ती आली आणि रिवाज बदलला. आता ती आज्ञा चालते प्रोग्रॅम बसवायला. लायब्ररी मागितली तर गडी सामान आणतो आणि चौकट आखून बजावतो की हे तुमच्या हाती लागणार नाही. प्रोजेक्टच्या फाइलीत नोंदवा, नाहीतर शेवटी ‘लिब’ अशी पुरवणी जोडा. आणि वर तळटीप की ही पुरवणी तात्पुरती आहे! तात्पुरत्या गोष्टींचे आयुष्य किती असते, हे चाळीसमधल्या आणि सरकारी बराकींमधल्या माणसांना मी सांगायला नको.

पुरवणी जोडली की चालते. पण कसे? घराच्या एका लपवलेल्या कप्प्यात एक चिठ्ठी लिहिली जाते, आणि कंपायलर कुठेही उघडला तरी आधी ती वाचतो. प्रोजेक्टमधून बोलावला तर वाचत नाही. कंपायलरची नवी आवृत्ती आणली तर तो आपला नवा कप्पा उघडतो. चिठ्ठी जुन्या कप्प्यात तशीच. म्हणजे सोवळ्याच्या घरात सर्वांत मोठा ओवळा ऐवज माळ्यावर आणि पाहुण्याला त्याची कल्पना नाही. आजी असती तर तिने गंगाजल शिंपडले असते.

या सगळ्यातून पार पडलेल्याला आणखी एक निरोप भेटतो, तो मात्र मला वाङ्मय म्हणून श्रेष्ठ वाटतो. प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी ‘प्रिल्यूड’ म्हणजे नांदी न बोलावता हजर असते, आणि तिच्याबरोबर ‘फिल्टर’ नावाचा नट येतो. ‘डेटा डॉट मॅप’ सरसकट आयात केला की दुसरा ‘फिल्टर’ येतो. दोघे शेजारी बसलेले असताना कोणाची हरकत नसते. हाक मारली की गोंधळ. एकत्र कुटुंबात ‘भाऊ’ म्हटल्यावर तिघे वळून बघतात तसे. इथे कंपायलर स्थळ सांगणाऱ्या मध्यस्थाच्या थाटात दोघांची माहिती देतो : हा फिल्टर अमुक मॉड्यूलमधून अमुक ओळीला आला, मूळ गाव अमुक, तो तमुक मॉड्यूलमधून आला, मूळ गाव तमुक. वाचता क्षणी काय करायचे ते कळते. दुसऱ्या घराण्याला आडनावासकट बोलवायचे, ‘मॅप डॉट फिल्टर’ म्हणायचे, की भांडण मिटले. एवढे देखणे लिहिता येणाऱ्या लेखकाने पहिल्याच भेटीत ‘सापडले नाही’ म्हणून पाठ फिरवावी, याचे मला वाईट वाटते.

लेखक सुधारत नाही असे नाही. २०२३ पासून प्रत्येक निरोपाला क्रमांक आहे. आपल्या वाक्याचा ८७११०. क्रमांक घेऊन गेले की खुलाशाचे स्वतंत्र पान मिळते. म्हणजे पूर्वी वाचक नुसता उभा राहायचा, आता टोकन घेऊन उभा राहतो. ही प्रगतीच आहे, मी थट्टा करत नाही.

दोष एकट्या कंपायलरचाही नाही. पाठ्यपुस्तके पहिल्या पानापासून याद्यांच्या आणि टाइपांच्या सौंदर्यात रंगतात आणि सामान कुठून आणायचे हे शिकणाऱ्याच्या नशिबावर सोडतात. भाचीने पाच दिवस दिले. त्यांपैकी तीन दिवस तिने फंक्शनल प्रोग्रॅमिंगची एक ओळही लिहिली नव्हती. नुसती दारे वाजवत होती. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, ‘मामा, तू कर. माझं डोकंच या विषयाचं नाही.’ विषयाची आणि तिच्या डोक्याची अजून गाठही पडली नव्हती! ते वाक्य इतक्या निर्विकारपणे लिहिलेले आहे की वाचणाऱ्याने दोष स्वतःकडे घ्यावा. वर्गातल्या किती पोरी आणि किती पोरे अशा तिसऱ्या रात्री विषय बदलून घेत असतील, त्यांची नोंद कुठल्या कबाल फाइलीत होत नाही.

चौथ्या दिवशी आम्ही माळ्यावरची चिठ्ठी काढून टाकली, नवा प्रोजेक्ट केला आणि अवलंबित्वाच्या ओळीत ‘बेस’च्या पुढे ‘स्प्लिट’ आणि ‘कंटेनर्स’ लिहिले, उघड, सर्वांना दिसेल असे. व्हाउचर जोडल्याशिवाय रक्कम खर्ची टाकायची नाही, तसे. तेच फोल्डर तिच्या मैत्रिणीच्या मशीनवर नेले तर तिथेही चालले. मला वाटते, या भाषेच्या स्वभावाला शोभणारा रस्ता हाच. फक्त तो पहिल्या पानावर हवा.

आयात झाली. ओळीचे तुकडे पडले. भाचीने पुढचा धडा घेतला आणि लगेच नवा निरोप आला, टाइप जुळत नाहीत म्हणून, चांगला अठरा ओळींचा. तिने खुर्ची पुढे ओढली.

‘थांब मामा,’ ती म्हणाली, ‘हा वाचू दे मला.’