स्फूर्ती आणि आखणी : ‘बनगरवाडी’ व ‘फकिरा’

कादंबरीचे कथानक लेखकाने आधी रेखून ठेवावे, की लिहिता लिहिता ते त्यास सापडावे, हा प्रश्न मराठीत ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथापासून विशेष चर्चिला गेला. गुंतागुंत, उत्कर्ष आणि उकल यांची जाणीवपूर्वक रचना म्हणजे तंत्र, ही शिकवण वर्गावर्गांतून इतकी रुळली की, ज्या कृतीत हा सांगाडा दिसत नाही तीत मुळी आखणीच नाही असे आपण गृहीत धरू लागलो. मग तिच्या गुणांचे श्रेय उपजत स्फूर्तीस देणे ओघानेच आले. हे श्रेय बहुधा खेड्यातून आलेल्या, अल्पशिक्षित लेखकांच्याच वाट्यास येते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

उदाहरणे एकाच टापूतील घेतो. व्यंकटेश माडगूळकरांचे माडगूळ औंध संस्थानातील, अण्णा भाऊ साठे यांचे वाटेगाव सातारा जिल्ह्यातील. पुढे १९४९ साली झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात दोन्ही गावे आली. १९६० पासून तोच सांगली जिल्हा होय.

‘बनगरवाडी’ (१९५५) वाचताना तीत कथानक नाही असा प्रथमग्रह होतो. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, माणसे भेटतात, दुष्काळ पडतो, वाडी उठते, मास्तरही निघून जातो. परंतु तालमीचा प्रसंग कोठे ठेवला आहे ते पाहावे. मास्तरच्या पुढाकाराने व वाडीकरांच्या श्रमांनी तालीम उभी राहते, राजा स्वतः येतो, सारी वाडी एकजीव होते. आणि त्यानंतर दुष्काळ. हा क्रम मोडला तर हाती केवळ व्यक्तिचित्रे उरतील. निवेदक परका आहे, हेही सहज घडलेले नाही. वाडी वाचकास मास्तरच्याच गतीने कळत जाते. लेखकाने हे आधी कागदावर मांडले होते की नाही, ते कृतीवरून ठरविता येत नाही. निवड झालेली आहे, एवढे मात्र निश्चित दिसते.

‘फकिरा’ (१९५९) अधिक अवघड. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना लाभली, तरी अण्णा भाऊंचे नाव निघाले की ‘उत्स्फूर्त’ हे विशेषण आपसूक येते. राणोजी गावासाठी जोगणी आणताना प्राण देतो; त्याचा मुलगा फकिरा दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो. बापाचे मरण गावाच्या मानासाठी, मुलाचे बंड गावाच्या भुकेसाठी. ही जोडणी आपोआप होत नसते. शालेय शिक्षण नाममात्र झालेल्या या लेखकाने अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले आणि पोवाडा व लोकनाट्य हजारो श्रोत्यांसमोर केले. कोठे थांबावे, कोठे चाल चढवावी हे शाहिरास आधीच ठाऊक असावे लागते. नाही तर श्रोते उठून जातात. आखणीची याहून कडक शाळा कोणती?

त्या शाळेचे दोषही कादंबरीत उतरले आहेत. उत्तरार्धातील चकमकी परस्परांसारख्या होतात. समोर बसलेला श्रोता पुनरुक्तीने रंगतो, वाचक मात्र शिणतो. ‘रांगड्या स्फूर्तीचे लेखन’ म्हणून समीक्षक हा दोष पोटात घालतात. तो रचनेतील दोष म्हणून दाखविला, तर निदान रचना होती हे तरी मान्य होईल.