कलाशाळांची माहितीपत्रके

आमच्या एका स्नेह्यांची मुलगी यंदा बारावी उत्तीर्ण झाली आणि आपण चित्रकलेचीच पदवी घेणार असे तिने घरात निक्षून सांगितले. स्नेही बँकेत अधिकारी आहेत. घराचा चित्रकलेशी संबंध म्हणजे दिवाणखान्यातील एक दिनदर्शिका आणि कन्येची एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांची प्रमाणपत्रे. विरोध करण्याइतके ते अनुदार नाहीत, आणि आनंदाने मान डोलविण्याइतके निर्धास्तही नाहीत. म्हणून त्यांनी सहा कलाशाळांची माहितीपत्रके मागविली व "तुम्ही पुस्तकांची परीक्षणे करता, तर यांतले चांगले कोणते तेवढे सांगा," असे म्हणून तो गठ्ठा आमच्या हवाली केला. प्रथम आम्हांस हसू आले. मागाहून वाटले की, ज्या मजकुरावर विसंबून एक कुटुंब मुलीची चार वर्षे आणि स्वतःची बरीचशी शिल्लक खर्ची घालणार, त्याची चिकित्सा एखाद्या सामान्य कादंबरीइतकी तरी व्हावयास काय हरकत आहे?

माहितीपत्रक हा वाङ्मयप्रकार मोठा चमत्कारिक आहे. त्याला कर्ता नसतो, आणि म्हणून त्यातील विधानांबद्दल कोणी उत्तरदायीही नसतो. सहाही पत्रकांचे पहिले पान इमारतीला वाहिलेले होते, दुसऱ्यावर संचालकांचे स्मित होते, आणि तिसऱ्यापासून सर्जनशीलता, सर्वांगीण विकास, जागतिक दृष्टी या शब्दांची अशी वृष्टी होती की, शाळांची नावे झाकली असता एकीचा मजकूर दुसरीच्या पत्रकात बिनधोक छापता यावा. हा दोष केवळ शैलीचा नव्हे. जी शाळा स्वतःविषयी इतरांहून निराळे असे एकही वाक्य लिहू शकत नाही, तिच्यापाशी निराळे असे काही आहे की नाही, ही शंका वाचकाने घेतलीच पाहिजे. परंतु सर्वांत नवलाची गोष्ट अशी की, चित्रे काढावयास शिकविणाऱ्या या संस्थांच्या पत्रकांत विद्यार्थ्यांची चित्रे अगदी थोडी. होती तीही पदक मिळविणाऱ्यांची. शिक्षकांची नावे होती, नावांपुढे पदव्या होत्या. पण त्यांच्या हातचे एकही काम नव्हते. गवयाची परीक्षा त्याच्या अंगरख्यावरून करावी, असाच हा आग्रह झाला.

आमचे म्हणणे स्नेह्यांस पटले. पण त्यांचा खरा भर पत्रकांवर नव्हताच, तो नावावर होता. "नावाजलेल्या शाळेत घालावी म्हणजे चिंता मिटली," असे ते म्हणाले, आणि मध्यमवर्गातील बहुतेक पालक असेच म्हणतात.

नावाचे महत्त्व खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ सालची. तिचा मूळ हेतू देशी कारागिरीस उत्तेजन देण्याचा. परंतु डोळ्यांपुढचे यथातथ्य रेखाटणे हीच पुढे तिची ओळख होऊन बसली. शांतिनिकेतनातील कलाभवन १९१९ चे. तेथे नंदलाल बोसांनी झाडे, ऋतू, उत्सव, आसपासचे संथाळ लोक, घरातील कलाकुसर यांतून चित्र वेगळे काढून दाखविण्याचे नाकारले, आणि आश्रमाच्या भिंतीसुद्धा विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललितकला शाखा १९५० ची. चित्र काढणे आणि चित्राचा इतिहास अभ्यासणे ही दोन कामे एकाच छपराखाली, विद्यापीठाच्या पदवीसाठी, चालावीत ही तिची कल्पना. या तीन शाळांना तीन निरनिराळी मते होती, आणि त्या मतांचे ठसे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातांवर दिसत. नाव मिळाले ते या मतांमुळे.

मात्र नाव जागच्या जागी राहते आणि शिक्षक येतात व जातात. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे देवळालीकरांच्या हाताखाली शिकले, १९५० साली बडोद्यास गेले आणि १९६६ साली तेथून बाहेर पडले. मलबारात जन्मलेले के. जी. सुब्रह्मण्यन कलाभवनात शिकून बडोद्यास शिकवावयास आले, आणि १९८० साली पुन्हा शांतिनिकेतनात परतले. म्हणजे १९७० साली बेंद्र्यांच्या कीर्तीवर भुलून जो बडोद्यास गेला असेल, त्यास बेंद्रे भेटले नाहीत, सुब्रह्मण्यन भेटले. त्याचे नशीब थोर म्हणावयाचे! पण प्रत्येक वेळी नशीब असे थोर असतेच असे नाही. तेव्हा आज ज्या नावाच्या मोहाने आपण मुलास पाठवितो, ते नाव मिळवून देणारी माणसे तेथे आहेत की त्यांच्या केवळ तसबिरी आहेत, एवढे पाहणे हे पालकाचे पहिले कर्तव्य होय.

या बाबतीत एक जुने मराठी पुस्तक आम्हांस सहाही पत्रकांहून उपयोगी वाटले. रावबहादुर म. वि. धुरंधरांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. धुरंधर १८९० साली कोल्हापुराहून येऊन मुंबईच्या कलाशाळेत विद्यार्थी म्हणून शिरले व पुढे तेथेच शिक्षक होऊन १९३१ साली निवृत्त झाले. एवढ्या अवधीत शाळेचे नाव एकच. परंतु ती ग्रिफिथ्ससाहेबांच्या हाताखाली एक शाळा होती आणि सॉलोमनसाहेबांच्या हाताखाली दुसरी. ग्रिफिथ्स हे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे करून घेणारे गृहस्थ. सॉलोमन यांनी १९१९ साली आल्यावर जिवंत मॉडेलवरून अभ्यास व भित्तिचित्रण यांना अग्रस्थान दिले. धुरंधरांचे पुस्तक काही ठिकाणी सत्कारसमारंभांच्या हकिकतींनी जड झाले आहे, हे नाकारता येत नाही. तरीही शाळा म्हणजे कोण कोणास काय दाखवीत होते याचाच वृत्तांत, हे त्यातून जितके कळते तितके नियमावलीतून कळत नाही. २०२३ साली या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद अवश्य मानावा. परंतु दर्ज्याने हात वळत नाही.

इतके सांगितल्यावर "मग शाळा हवीच कशाला? बाबूराव पेंटर कोणत्या शाळेत गेले होते?" असा प्रश्न हमखास येतो, आणि आमच्या स्नेह्यांच्या वडील बंधूंनी तो केलाच. बाबूराव कलाशाळेत गेले नाहीत हे खरे. परंतु कोल्हापुरात मिस्त्रींच्या घरात सुतारकाम व कोरीवकाम वडिलांच्या हातून, आणि रंगभूमीचे पडदे रंगविण्याचे काम आनंदराव या बंधूंच्या सोबतीने, असे जे शिक्षण त्यांस मिळाले ते कोणत्या शाळेने दिले असते? त्यांना शाळा होती; प्रमाणपत्र नव्हते. बँकेतील अधिकाऱ्याच्या घरात तशी शाळा नाही, म्हणून तर बाहेर शोधावयाची. फ्रान्सिस न्यूटन सूझांना १९४५ साली मुंबईच्या कलाशाळेतून काढून टाकण्यात आले, आणि वासुदेव गायतोंडे १९४८ साली त्याच शाळेची पदविका घेऊन बाहेर पडले. सूझांचे उदाहरण शाळेच्या विरुद्ध देणारे लोक विसरतात की, भांडावयास देखील समोर कोणीतरी लागते.

स्नेह्यांच्या मनातील शेवटचा तोडगा उपयोजित कलेचा होता. तिला चित्रेही काढता येतील आणि जाहिरातीच्या धंद्यात नोकरीही मिळेल, असा त्यांचा हिशेब. मुंबईच्या शाळेत या कलेचा स्वतंत्र विभाग १९३५ साली निघाला, आणि तेव्हापासून मराठी घरांतील हा ठराविक तह आहे. उपयोजित कला कमी प्रतीची असे आम्ही मुळीच मानीत नाही. अक्षराचे वळण, मांडणी, थोडक्यात सांगण्याची हातोटी यांस जी बुद्धी लागते ती तैलचित्रास लागणाऱ्या बुद्धीहून निराळी आहे, उणी नव्हे. पण जिला दिवसभर एका मडक्यावरील उजेड न्याहाळावयाचा आहे तिला साबणाच्या वेष्टनाकडे वळविले, तर वेष्टनही वाईट व्हावयाचे आणि मडकेही राहावयाचे. हा तह करावयाचा तर मुलीने करावा. बापाने तिच्या वतीने त्यावर सही करू नये.

मग निवड करावी तरी कशी? आमच्या मते वर्षअखेरीच्या प्रदर्शनास जावे, आणि पदके मिळविलेल्या चित्रांकडे पाठ फिरवून मधल्या विद्यार्थ्यांची कामे पाहावीत. हुशार मुले कोठेही शिकतात; शाळेची खरी परीक्षा मधल्या मुलांत होते. वीस स्थिरचित्रे एकाच हाताने काढल्यासारखी असली, तर तेथे शिकविणे नव्हे, गिरविणे चालले आहे असे खुशाल समजावे. प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांनी आधीच ही खोड लावलेली असते: स्मरणचित्रात तीच जत्रा, तोच फुगेवाला, पाठमोरी तीच बाई! चार वर्षांनंतरही तो फुगेवाला भिंतीवर भेटला, तर त्या शाळेने मुलांचे काय केले? याउलट कामे ओबडधोबड पण परस्परांहून भिन्न असली, तर तेथे कोणीतरी प्रत्येकाच्या पाठीशी उभे राहून पाहिले आहे. जमल्यास एखाद्या कामाच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी स्टुडिओत डोकवावे. शिक्षक तेथे आहेत काय? ग्रंथालयातील कपाटांची कुलपे उघडी आहेत काय? आणि वार्षिक शुल्काच्या आकड्याशेजारी रंग, कॅनव्हास, कागद यांचा वर्षाचा खर्च लिहून पाहावा; तो पत्रकात बहुधा नसतो, आणि दुसऱ्या वर्षी मुले लहान कागदावर काम करू लागतात त्याचे कारण पुष्कळदा तोच असतो.

स्नेही, त्यांची कन्या आणि आम्ही असे तिघे एका लहानशा शहरातील शाळेचे प्रदर्शन पाहून आलो. गठ्ठ्यात तिचे पत्रक सर्वांत साधे होते. इमारत जुनी, दालनात उजेड बेताचा. मुलगी एका कोपऱ्यातील पेन्सिलीच्या अभ्यासचित्रापुढे बराच वेळ थांबली. चित्र सामान्यच होते. तांब्याची बैठक तीनदा चुकली होती. पण कागदाच्या कडेला दुसऱ्या कोणाच्या हाताने तोच तांब्या चार रेघांत काढून दाखविला होता, आणि खाली तारीख घातली होती. "हे कोणी काढले?" असे तिने तेथल्या शिपायास विचारले. त्याने एका बाईंचे नाव सांगितले व त्या आत वर्गावर आहेत असे सांगून दाराकडे बोट केले. मुलगी तिकडे गेली. स्नेही शिपायापाशी वसतिगृहाची चौकशी करू लागले.