उंटावरच्या शेळ्या आणि बंधाऱ्यावरची पट्टी

बसल्या जागेवरून जगाचा कारभार हाकणाऱ्या माणसासाठी मराठीत दोन वाक्प्रचार नेहमी हाताशी असतात. तो उंटावरून शेळ्या हाकतो किंवा लष्कराच्या भाकऱ्या भाजतो. दोन्हींत टिंगल आहे आणि ती माणसाची आहे. तो बोलला ते बरोबर होते का, हे दोन्ही वाक्प्रचार विचारत नाहीत. राजकारण, युद्ध आणि विज्ञानातल्या नवलाच्या गोष्टी यांवर घरबसल्या केलेल्या भाष्याकडे मराठी साहित्यानेही बहुतेक याच नजरेने पाहिले आहे. बोलणारा रंगवला, त्याचे बोलणे मात्र तपासले नाही. समीक्षेनेही पुढे जाऊन ते तपासायला घेतले नाही, ही माझी तक्रार आहे.

नेहमीच असे नव्हते. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर'मध्ये आली तेव्हा त्यांचा लेखक सरकारी नोकरीत होता आणि राज्य का गेले, इंग्रज पुढे का गेले, आपली विद्या कुठे थिजली यांवर दर आठवड्याला मते देत होता. त्याने रणभूमी पाहिलेली नव्हती. तरी वाचकांनी चिडून का होईना, वाद घातला तो मतांशी. मत आणि माणूस यांची फारकत नंतर झाली आणि ती विनोदाने केली.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'त सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही बोलक्या पुरुषांची बैठक प्रथम ठळकपणे भरली. तिथे मुद्दा कोणताही असो, गंमत युक्तिवादाच्या वळणात आहे. निष्कर्ष आधी ठरलेला आणि कारणे त्याच्यामागे धावत येणारी. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाने ती बैठक घरात आणली. पु. ल. देशपांड्यांनी पुणेकर होण्याच्या अटी सांगताना तिला टोक दिले. पालिकेच्या उंदीर मारण्याच्या खात्यातल्या माणसाचेही अमेरिकेच्या अर्थकारणाबद्दल ठाम मत असावे लागते, हे वाचून हसला नाही असा मराठी वाचक मला भेटलेला नाही. मीही हसतो. पण हसून झाल्यावर लक्षात येते की त्या माणसाचे अमेरिकेबद्दलचे मत काय होते, हे आपल्याला कळलेलेच नाही. ते सांगण्याची विनोदाला गरज नव्हती. खाते आणि विषय यांतले अंतर पुरेसे होते.

याला मोठा अपवाद 'अंतू बर्वा'चा. रत्नागिरीच्या आळीतला हा म्हातारा गांधींपासून नेहरूंपर्यंत कोणालाच सोडत नाही आणि वरवर पाहता तोही उंटावरचाच. मात्र त्याचे प्रत्येक राजकीय वाक्य शेवटी त्याच्या स्वतःच्या घरात येऊन पडते. विजेच्या दिव्याबद्दल तो जे बोलतो ते विकासाच्या धोरणावरचे भाष्य आहेच, शिवाय आपल्या घरात उजेड पाडून दाखवण्यासारखे काय आहे, याचा तो हिशेबही आहे. त्याच्या बोलण्याला मोजायची जागा आहे. ती व्यक्तिचित्रे आपण भाषेच्या लकबींसाठी वाचत आलो. अंतूचे भाष्य टिकते ते लकबीमुळे नव्हे, तर या मोजमापामुळे, असे मला वाटते.

विनोदाने भाष्यकाराची टर उडवली. लघुनिबंधाने त्याला खुर्ची दिली, पण भाष्य काढून घेतले. हे घडले त्यात कोल्हापूरचा वाटा मोठा आहे. ना. सी. फडके इथल्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते आणि त्यांच्या 'गुजगोष्टी' १९३३ साली पुस्तकरूपाने आल्या. पुढच्याच वर्षी अनंत काणेकरांची 'पिकली पाने', १९३६ मध्ये वि. स. खांडेकरांच्या 'वायुलहरी'. खांडेकरही पुढे कोल्हापूरचेच झाले. या प्रकाराचा करार असा होता की लेखक कशावरही बोलेल, मात्र काही सिद्ध करणार नाही. विषय क्षुल्लक असला तर उत्तम. 'मला वाटते' एवढे म्हटले की पुराव्याची जबाबदारी संपली. या निबंधांची भाषा देखणी आहे, आणि मराठी गद्याला तिने आणलेला सैलपणा नाकारण्यात अर्थ नाही. पण सालांकडे पाहा. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी 'गुजगोष्टी' आल्या. गप्पा मारण्याच्या कलेचे शास्त्र आपल्याकडे नेमके तेव्हा घडत होते आणि जगावर बोलणे त्या कलेच्या हद्दीबाहेर राहत होते.

ते बोलणे मग दुसरीकडे गेले. दि. वि. गोखल्यांचे 'पहिले महायुद्ध', वि. ग. कानिटकरांचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त', वि. स. वाळिंब्यांचे 'वॉर्सा ते हिरोशिमा' ही पुस्तके गावोगावच्या वाचनालयांत हाताळून मऊ झालेली सापडतात. ही माणसे रणांगणावर नव्हती. मेज, नकाशा आणि इंग्रजी ग्रंथ यांच्या बळावर त्यांनी मराठी वाचकाला युद्ध समजावून दिले. परिश्रमाच्या बाबतीत त्यांना उंटावरचे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाही. दोष आहे तो दृष्टिकोनाच्या उंचीचा. युद्ध तिथे बहुधा सेनापतींच्या आणि हुकूमशहांच्या खांद्यावरून दिसते. वाचक त्या खांद्यापाशी उभा राहतो आणि खाली उतरत नाही. कट्ट्यावर आजही कोणी युक्रेनवर बोलू लागला की तो पाचव्या मिनिटाला सैन्य 'हलवू' लागतो. ती सवय या वाचनाने लावली आहे.

खाली उतरायला जागा नव्हती असे नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बायका आणि मुले जास्त. सोव्हिएत फौजांनी त्यांना घरांतून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेले होते. तिथून ती इराणमार्गे हिंदुस्थानात आली. पोलंडची माणसे राजाराम कॉलेजपासून काही मैलांवर राहत होती. त्यांची शाळा, चर्च, बाजार इथे होता आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांशी त्यांचे रोजचे व्यवहार होते. आज महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. आपल्या युद्धवाङ्मयात मात्र त्यांना जागा मिळाली ती नावापुरतीच. त्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. घरटी फौजी देणारे गाव म्हणून ते ओळखले जाते. तिथल्या पारावर युद्धावर जो बोलतो त्याचा मुलगा किंवा पुतण्या सीमेवर असतो. पुण्याच्या कट्ट्यावरून घडवलेला विनोद या बोलण्याला लागू करून पाहा, लगेच फसतो. खाते आणि विषय यांतले अंतर इथे उरतच नाही.

विज्ञानाचे थोडक्यात आटोपतो. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासून, आणि 'किर्लोस्कर'सारखी मासिके त्यांच्या परीने, मराठी वाचकाला शास्त्रीय माहिती देत आली. परंतु घरांत मुरली ती नवलाची चौकट. शेपटीचा तारा, समुद्रतळाचा मासा, अमुक इतक्या प्रकाशवर्षांवरची आकाशगंगा. चौकटीतल्या विज्ञानाशी वाद घालता येत नाही, फक्त 'काय सांगता!' म्हणता येते. वाद घालता येईल असे विज्ञान सामान्य माणसाच्या तोंडी आले ते पाण्याच्या निमित्ताने, आणि त्यासाठी मला माझ्या गावाकडे वळावे लागते.

कसबा बावड्याला पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. कोल्हापूरच्या पुराच्या बातमीत जो आकडा येतो तो इथला. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळी पुणे–बंगळूर महामार्ग बंद पडला. जुलै लागला की बावड्यात चहाच्या टपरीवर, दूधसंस्थेत, साखर कारखान्याच्या फाटकाशी जो संवाद चालतो त्याचा साचा ठरलेला असतो:

"किती झालं?"

"एकोणचाळीस, दोन इंच."

"वाढ हाय का उतार?"

"थांबलंय. पर राधानगरीची दोन दारं उघडल्यात."

"मग आलमट्टीवाल्यांनी सोडलं तरच."

पाच वाक्यांचा हा तुकडा मी साहित्याच्या विद्यार्थ्याला विश्लेषणासाठी द्यावा असा आहे. आधी आकडा. मग दिशा. मग वरचे कारण: राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे, जे धरण भरले की आपोआप उघडतात आणि ज्यांचे पाणी भोगावतीतून पंचगंगेत येते. शेवटी खालचे कारण: कृष्णेवरचे कर्नाटकातले धरण. बोलणे नदीसारखेच वरून खाली वाहते, आणि जसजसे खाली जाते तसतसे मोजलेले कमी आणि मानलेले जास्त होते. पहिली दोन वाक्ये कोणीही जाऊन तपासू शकतो. तिसरे तासाभरात खरे-खोटे ठरते. राजकारण चौथ्याच्या पुढे सुरू होते. पण पहिली तीन वाक्ये आधी म्हणावी लागतात, त्यांशिवाय आलमट्टीवर बोलायचा हक्क मिळत नाही. नुसता 'कर्नाटकाने बुडवलं' म्हणत येणाऱ्याला टपरीवर पहिला प्रश्न येतो: "आत्ता पातळी किती हाय?" या बोलण्यावर म्हशी कधी हलवायच्या, मोटार कधी काढायची, तळघरातले पोते कधी वर न्यायचे हे ठरते. म्हणून त्याला शिस्त आहे.

ही शिस्त सुटते कुठे तेही पाहिले पाहिजे, नाहीतर मी माझ्याच गावाची आरती ओवाळली असे होईल. आलमट्टीची सध्याची पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६० मीटर. कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० च्या निवाड्यात ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याला मान्यता दिली. एक पक्ष म्हणतो, कोल्हापूर त्याहून उंचावर आहे, पाणी डोंगर चढते काय? दुसरा म्हणतो, फुगवटा मागे येतो. पहिल्याची चूक अशी की पुरातली नदी ही सपाट तळे नसते. खाली पाण्याचा वेग मंदावला की वर ते साचते, गाळ बसतो, वळणावळणाच्या नदीत हे आणखी वाढते. दुसऱ्याची चूक अशी की फुगवटा कुठवर येतो हे नदीचे छेद घेऊन मोजायचे असते, आणि तो येतोच असे नुसते म्हणून भागत नाही. शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव, पूरक्षेत्रातली बांधकामे, काही दिवसांत कोसळलेला पाऊस हे सगळे त्या वाक्यात गिळले जाते.

२०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये सांगितले की त्या पुराला आलमट्टी आणि हिप्परगी जबाबदार नाहीत. पुढे २०२५ मध्ये त्याच राज्याच्या सरकारने उंचीवाढीला विरोध केला. कट्ट्यावर याचा अर्थ 'समिती खोटी' किंवा 'सरकार ढोंगी' असा दोनच प्रकारे लावला जातो. खरे तर पहिले विधान भूतकाळाचे आहे, ५१९.६० मीटरचे. दुसरे भविष्याचे आहे, ५२४.२५६ मीटरचे. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. हा काळाचा घोटाळा व्याकरणाचा आहे, आणि तो दाखवून देणे हे अभियंत्याइतकेच समीक्षकाचे काम आहे. वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतही तो सर्रास सापडतो. टपरीवर निदान कोणीतरी पातळी विचारतो.

आपल्या विद्यापीठांत बोलीचा अभ्यास होतो तो शब्दांचा आणि उच्चारांचा. 'उघडल्यात' हे रूप कुठवर चालते याचे नकाशे निघतात. त्या क्रियापदाने केलेले विधान कसे उभे राहते, कशाच्या आधारावर, कुठे तोल सोडते, याची नोंद कोणी घेत नाही. बावड्यात त्यासाठी साधन तयार आहे. जुनी माणसे पुराची उंची फुटांत सांगत नाहीत. मारुतीच्या देवळाची कितवी पायरी, कोणाच्या गोठ्याची दावण, असे सांगतात आणि सोबत साल जोडतात. १९८९, २००५, २०१९, २०२१. दोघांच्या पायऱ्या जुळल्या नाहीत तर तिसरा तिथे जाऊन बघून येतो. २००५ चे पाणी चौदा वर्षे 'महापूर' म्हणून ओळखले जात होते. आता त्याला नुसते 'पाचचं पाणी' म्हणतात, आणि ८९ चे नाव फक्त त्या वेळी कर्ते असलेल्यांच्या तोंडून येते.